प्रभूच्या पंगतीतून कुणाला उठवू नका

कोकण किनाऱ्यावरच्या मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि वडीलजन यांस,

प्रभूमध्ये सलाम.

वार्षिक सभांचे दिवस जवळ आले आहेत. सभासदांची यादी पुन्हा तपासली जाईल, थकलेली वर्गणी काढली जाईल आणि प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीच्या भाकरी-प्याल्याला, कोण बसेल, कोण नाही, हाही विषय कुठे ना कुठे निघेल. तो निघण्याआधी आपण सर्वांनी वाचावं म्हणून हे उघडपणे लिहितो आहे. माझं म्हणणं एकच आहे. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरच्या विश्वासाने, असं आपण पुलपिटावरून सांगतो. पण पंच कमिटी बसली की माणसाला त्याच्या वागण्यावरून तोलतो, आणि तेही ठरावीक माणसांनाच. या दोन गोष्टी एका छपराखाली नांदू शकत नाहीत.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सिंधुदुर्गातल्या एका लहान मंडळीत संडे स्कूल घेतो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. शेवटच्या बाकावर, दाराच्या अंगाला एक जण बसतो. कधी रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जातो, कधी ट्रॉलरवर खलाशी म्हणून. दारूचं व्यसन आहे. गावाला ते माहीत आहे आणि तोही लपवत नाही. उपदेश संपून भाकरी-प्याल्याआधीचं गीत सुरू झालं की तो उठतो, पायाने चपला चाचपतो आणि बाहेर जातो. त्याची आई पुढच्या बाकावर असते. ती मागे वळून बघत नाही. गीताचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवते आणि पुढची कडवी म्हणत नाही. सुधारेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये, असं कमिटीने त्याला कळवलं होतं. कळवलं तेही घरी जाऊन नव्हे, उपासना सुटल्यावर आवारात, चार माणसांदेखत. मी त्याला गाठून म्हटलं, तू बसून राहा रे, मी बोलतो पाळकसाहेबांशी. त्यावर तो म्हणाला, "नको, मास्तरांनू. आधी सुधारतंय, मगे येतंय."

हे त्याला कुणी शिकवलं? आपणच शिकवलं. लहानपणापासून ज्या मंडळीत तो वाढला, तिथे शुभवर्तमान म्हणून त्याच्या कानावर जे पडत आलं त्याचं सार त्याने चार शब्दांत सांगितलं, आणि ते सार शुभवर्तमानाच्या नेमकं उलटं आहे. आधी माणसाने आपल्या बळावर नीट व्हायचं आणि मग देवाने त्याला जवळ करायचं, ही शिकवण नवी नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा धर्मशिक्षक अशाच अंगाने शिकवत होता. माणूस ठरवेल तर आपल्या इच्छाशक्तीने चांगलं वागू शकतो, त्याला आतून कृपेची गरज नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बिशप ऑगस्टीनने त्याच्याशी वाद घातला आणि 418 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. आपण तिला पुन्हा मंडळीच्या रजिस्टरमध्ये जागा दिली आहे.

यरीहोच्या जकातदार जक्कयाची गोष्ट संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. ठेंगणा होता, उंबराच्या झाडावर चढला, एवढं सगळे सांगतात. पण त्या गोष्टीत आधी काय झालं आणि नंतर काय, हे जरा बघा. येशू झाडाखाली थांबून म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयाने अजून एक पैसा परत केलेला नाही. कबुली नाही, वचन नाही. येशू घरात येतो, लोक कुरकुरतात की पापी माणसाच्या घरी हा उतरायला गेला, आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्याने चौपट परतफेड केली ती येशू घरी आल्यामुळे. येशूने घरी यावं म्हणून नव्हे. आमच्या कमिटीने हा क्रम उलटा लावला. यरीहोत कमिटी असती तर जक्कय झाडावरच राहिला असता.

आता अंत्युखियाकडे येतो, कारण तिथला प्रसंग आपल्या अगदी अंगावर येणारा आहे. गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली तेव्हा त्यांच्या धाकाने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदी विश्वासणारेही सरकले. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर अडवलं. त्याने पेत्रावर पाहुणचार चुकल्याचा किंवा मन दुखावल्याचा दोष ठेवला नाही. तुम्ही शुभवर्तमानाच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाही, असा ठपका ठेवला. आणि त्याच दमात, त्याच परिच्छेदात ते वाक्य येतं ज्यावर पुढे अर्धा युरोप हलला: माणूस नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, तर येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो.

म्हणजे हा सिद्धान्त जेवणाच्या जागी उभं राहून सांगितलेला आहे. कोण कुणाशेजारी बसून जेवतो, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे. कोकणात पंगत म्हणजे काय हे कुणी कुणाला समजावून सांगायला नको. कोण आत बसायचं, कोण अंगणात, कुणाला पान उचलायला लावायचं, यावर इथे पिढ्यान् पिढ्या माणसांचा मान-अपमान ठरत आला. आपल्या शेजाऱ्यांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उभं राहिलं ते सर्व जातींना एकत्र दर्शनाला येता यावं म्हणून, आणि त्या काळात तिथे सहभोजनंही झाली. आपल्या हाती तर थेट प्रभूची पंगत दिलेली आहे.

पापाविषयी बोलू. रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन आपण बाप्तिस्म्याच्या वर्गात पाठ करून घेतो: सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत. 'सर्वांनी' याचा अर्थ शेवटच्या बाकावरच्यांनी असा नाही. पौलाने ते पत्र लिहिताना पहिल्या अध्यायात उघड पाप्यांची मोठी यादी दिली, आणि वाचणारा मान डोलवू लागला न लागला तोच दुसऱ्या अध्यायात त्याच्याकडे वळून म्हणाला, दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे सुटी सुटी वाईट कृत्यं नव्हेत. देवाला बाजूला सारून स्वतःच्या आधारावर उभं राहण्याची माणसाची मुळातली ओढ म्हणजे पाप. कृत्यं ही त्याची फळं. ही ओढ गुत्त्यात बसते तशीच बायबल काखेत घेऊन पहिल्या बाकावरही बसते. तिथे ती ओळखू येत नाही एवढंच.

दारुड्याला दूर ठेवण्यासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय बैठकीत वाचला जातो. मग तो पुरता वाचा. अकराव्या वचनात दारुड्याच्याच ओळीत लोभी आहे, निंदक आहे, दुसऱ्याचं लुबाडणारा आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्या मंडळीने लोभाबद्दल कुणाचं प्रभुभोजन थांबवलं? मुंबईहून माहेरी आलेल्या बहिणीला चहा पाजून तलाठ्याकडे नेतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 सालचा, आणि त्यात ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. ती सही प्रेमाने दिली असेल तर प्रश्न नाही. पण 'सही केली नाहीस तर गणपतीच्या सुटीत, नाताळात इकडे फिरकू नको' असं सांगून घेतलेली सही मी ऐकून आहे, आणि ती घेणारा भाऊ पुढच्या रविवारी दानपात्र फिरवत होता. बोटमालकाने डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती असं सगळं वजा करताना खलाशाच्या वाट्यातून काय काय कापलं, हे कमिटीने कधी विचारलं आहे? अंधारात प्रखर दिवे सोडून मासळी ओढून नेणाऱ्या बोटींत कुणाचा पैसा आहे, हे विचारलं आहे? याची यादी कुणी करावी असं मी मुळीच म्हणत नाही. ती केली तर भाकरी मोडायला पुढे एकही माणूस उरणार नाही, पाळकसाहेबांसकट.

सुगीच्या सणाचा लिलाव घ्या. नारळ, फणस, कोंबडा, केळीचा घड, कुणी घरच्या कोकमाची बाटली आणतं. बोली चढते, हशा होतो, मुलं पळत असतात. मला तो दिवस फार आवडतो. पण शेवटी सेक्रेटरी नावं वाचतात ती रकमेच्या उतरत्या क्रमाने, आणि पहिल्या तीन नावांना टाळ्या पडतात. एका विधवा बाईने आणलेल्या दहा अंड्यांचं नाव शेवटी येतं, तोपर्यंत खुर्च्या हलायला लागलेल्या असतात. मंदिराच्या भांडारासमोर बसून येशूने एका गरीब विधवेच्या दोन दमड्यांकडे बोट दाखवलं होतं. हा क्रम बदलायला एक पैसाही लागत नाही. नावं वाचूच नका.

मग नीतिमान कोण? पौल अब्राहामाकडे नेतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणला गेला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात येतं. सुंतेची खूण सतराव्या अध्यायात. पौल एवढंच विचारतो: गणला गेला तो सुंतेआधी की नंतर? आधी. कर्म घडायच्या आधी, खूण लागायच्या आधी, देवाने त्याला आपला म्हटलं. हे नीतिमत्त्व अब्राहामाने कमावलेलं नव्हतं, आपणही कमावत नाही. ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्यासाठी पाप असं केलं, यासाठी की त्याच्या ठायी आपण देवाचं नीतिमत्त्व व्हावं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं हे वाक्य वाचताना आजही माझा आवाज थांबतो. आपलं जे होतं ते त्याने घेतलं, त्याचं जे आहे ते आपल्याला दिलं.

आणि विश्वास म्हणजे आणखी एक पुण्यकर्म नव्हे, हेही सांगायला हवं, कारण 'माझा विश्वास मोठा' म्हणून मिरवणारे आपल्यात आहेत. दाभोळहून धोपाव्याला जाणारा माणूस फेरीबोटीत पाय ठेवतो आणि उभा राहतो. वाशिष्ठीचं पाणी बोट कापते. पलीकडे उतरल्यावर आपल्या पायांची कुणी तारीफ करत नाही. भित्रा माणूस कठडा घट्ट धरून उभा असतो, दुसरा बिनधास्त गप्पा मारत असतो. पोचतात दोघंही. विश्वास कमी-जास्त असेल, पण ज्याच्यावर भार टाकला तो ख्रिस्त कमी-जास्त होत नाही.

मी पाहिलेल्या मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दुसरा उद्गार शेजारी टांगलेल्या चोराला उद्देशून आहे. त्या माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता, वर्गणी दिली नव्हती आणि सुधारायला त्याच्याकडे संध्याकाळसुद्धा नव्हती. आपण आपल्या कर्मांचं फळ भोगतो आहोत हे त्याने कबूल केलं आणि येशूला म्हणाला, माझी आठवण ठेव. आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं उत्तर मिळालं. यावर दरवर्षी सुंदर संदेश होतात. बायका डोळे पुसतात. आणि दोन दिवसांनी पुनरुत्थानाच्या रविवारी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या प्रभुभोजनाला, तो खलाशी बाहेर मोटरसायकलींपाशी उभा असतो.

आपण कुठून आलो ते आठवा. 1823 साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, मग हर्णैला गेले. शाळा काढल्या, मराठी शिकले. त्यांच्या शाळेत शेजारी कोण बसतो यावरून वाद झाले नसतील असं कुणीही कोकणी माणूस म्हणणार नाही. कवी नारायण वामन टिळक याच जिल्ह्यांतले, 1861 साली करजगावचा जन्म. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या वाटेने आल्या नाहीत. त्यांच्या मनातलं सोवळं सुटायला वर्षं लागली. टिळकांनी तो काळ सोसला, घाई केली नाही. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या त्या माणसाला कृपा म्हणजे काय हे नव्याने शिकावं लागलं नाही. पतिताला देव पदरात घेतो, हे मराठी भक्तीच्या रक्तातच आहे, आणि म्हणूनच त्यांची भजनं आजही आपल्या तोंडी बसली आहेत. आपण ती म्हणतो आणि मग रजिस्टर उघडतो, हे मला सहन होत नाही.

हे पत्र कॅथलिक फादरांच्या हाती पडलं तर त्यांनीही परकं मानू नये. वसईपासून कोर्लईपर्यंत आणि खाली मालवण, सावंतवाडीपर्यंत तुमच्या पॅरिश आमच्यापेक्षा जुन्या आहेत. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर आपले पूर्वज एकमेकांपासून तुटले, 1547 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने त्यावर कडक भाषेत निर्णय दिला. पण 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या की केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, आपल्यात कसलीही योग्यता नसताना देव आपल्याला स्वीकारतो. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही आल्या. सगळे मतभेद त्याने मिटले असं नाही. पण 'आधी सुधार, मग ये' असं यांतलं कुणीच म्हणत नाही.

आता पंच मंडळींचा आक्षेप, जो मला तोंडावर सांगितला गेला: मास्तर, असं केलं तर शिस्त राहणार नाही, लोक पाप करतील आणि भाकरीला हात लावतील. हा आक्षेप पौलालाही ऐकावा लागला होता. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? कधीच नाही, असं तो स्वतःच उत्तर देतो. आणि याकोब सांगतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मला दोन्ही मान्य. ज्या विश्वासाने हात हलत नाहीत, बहिणीचा वाटा परत जात नाही, तो विश्वासच नव्हे. बायकोला मारणारा, गरिबाची जमीन गिळणारा आणि वर त्याचं समर्थन करणारा, पश्चात्तापाचा शब्दही न काढणारा माणूस असेल तर मंडळीने त्याला जरूर थांबवावं. पिडलेल्याचा त्यात बचाव आहे. करिंथात पौलाने तेच केलं. पण त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात तो लिहितो की बहुमताने झालेली शिक्षा आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल. शिस्त लावणाऱ्यांनी दुसऱ्या पत्रापर्यंत जायला हवं.

प्रभुभोजनाच्या आधी जो इशारा वाचला जातो, अयोग्य प्रकारे खाणाऱ्याबद्दलचा, तो तर आपण उलटाच वापरतो. करिंथात सधन लोक आधी येऊन खाऊन-पिऊन बसत आणि राबून उशिरा येणाऱ्या गरिबांना उपाशी राहावं लागे. पौलाचा राग त्यावर आहे. आणि तो म्हणतो, माणसाने आपली स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. कमिटीने दुसऱ्याची परीक्षा करावी असं तिथे नाही, आणि परीक्षा करून उठून जावं असंही नाही. जो माणूस दर महिन्याला आपण अपात्र आहोत हे मनात कबूल करून बाहेर जातो, त्याची परीक्षा होऊन गेलेली आहे. मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवत 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, असं प्रभू स्वतः सांगतो. आपला जकातदार बाहेर उभा आहे आणि आत आपण त्याच गोष्टीतल्या, स्वतःला नीतिमान समजणाऱ्या परूश्यासारखे आभार मानतो आहोत की आम्ही त्याच्यासारखे नाही.

त्या माणसाचं व्यसन खरं आहे आणि घरच्यांना त्याचा जाच आहे. त्याला व्यसनमुक्तीच्या उपचाराला न्यायला कुणीतरी बरोबर जायला हवं, तो परत आल्यावर रोज संध्याकाळी तासभर त्याच्याजवळ बसायला हवं. हे काम कमिटी वाटून घेऊ शकते. मी सोमवार आणि गुरुवार घेतो. पण ही प्रभुभोजनाची अट होऊ नये.

म्हणून माझी विनंती अशी. वार्षिक सभेआधीच्या बैठकीत, रजिस्टर उघडण्याअगोदर, गलतीकरांचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचावा, अकराव्या वचनापासून शेवटपर्यंत. ज्यांना प्रभुभोजनापासून थांबवलं आहे त्यांच्या घरी पाळकसाहेबांनी स्वतः जावं आणि बोलावून आणावं. सांगितलं आवारात होतं, तर बोलावणंही आवारात, त्याच चार माणसांदेखत करायला हरकत नाही. येत्या उपवासकाळातल्या रविवारी रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या ते पाचव्या अध्यायांवर सलग उपदेश व्हावेत, आणि ते ऐकायला पंचांनी शेवटच्या बाकांवर बसावं. सुगीच्या लिलावाची नावं वाचणं याच वर्षी बंद करावं. बहिणीच्या वाट्याबद्दल महिला मंडळात एकदा कायदा समजावून सांगावा. त्यासाठी वकील आणायची जबाबदारी मी घेतो.

आमच्या मंडळीच्या बैठकीला मी सभासद म्हणून हजर राहीन आणि परवानगी मिळाली तर हेच तिथेही बोलेन. मिळाली नाही तर हे पत्र वाचून दाखवावं, एवढी सेक्रेटरींना विनंती.

ख्रिस्तात आपला,
किनाऱ्यावरच्या एका मंडळीचा सभासद आणि संडे स्कूलचा शिक्षक